मराठी-कन्नडच्या पलीकडे: सीमाभागातल्या कॉलेजात समान संधी कक्ष कसा चालवावा

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातल्या एका पदवी कॉलेजात मराठी शिकवते. यंदा समान संधी कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. नॅकचं, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेचं, मूल्यांकन तोंडावर आहे. विविधता, समावेशन आणि एकमेकांच्या संस्कृतीची समज याबद्दल कॉलेजची बांधिलकी सांगणारं एक पान लिहा आणि वर्षभराचे कार्यक्रम ठरवा, असं प्राचार्यांनी सांगितलंय. विद्यापीठानेही तेच मागितलंय. आपल्या भागात नेमकं काय लिहावं आणि काय करावं?

उत्तर: मॅडम, ते पान सगळ्यात शेवटी लिहा. आधी ऑफिसातून एक यादी काढून घ्या: पहिल्या सेमिस्टरला नाव होतं आणि तिसऱ्याला नाही, अशी मुलं कोण? नाव, गाव, दहावीचं माध्यम, प्रवर्ग, येण्याजाण्याचं साधन, एवढे रकाने पुरेत. मी बेळगावात विद्यार्थी कल्याणाचं काम बघत होतो तेव्हा कुठल्याही कॉलेजात गेलो की चहाच्या आधी हीच यादी मागायचो. ती वाचल्यावर एक गोष्ट कळते. निव्वळ मराठी आहे म्हणून किंवा निव्वळ कन्नड आहे म्हणून कॉलेज सोडलेलं मूल फार क्वचित सापडतं. भाषा, कागद, पैसा आणि अंतर यांतल्या दोन-तीन गोष्टी एकदम अंगावर आल्या की मूल घरी बसतं.

हे ऐकून बेळगावात बरेच जण नाराज होतात. आपल्याकडे विविधता म्हटलं की रकाने दोनच. १ नोव्हेंबर १९५६ पासूनचा महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद, त्यावरचा १९६७ चा महाजन अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात नेलेला दावा, ८६५ गावांची मागणी हे सगळं आपल्या घराघरात आहे आणि मी ते किरकोळ म्हणत नाही. पण या वादाचा आवाज इतका मोठा की त्याखाली बाकीचं काही ऐकू येत नाही. मराठी मुलांच्या वर्गात मराठीच बोलणाऱ्या दलित मुलीला डबा खाताना शेजारी कोण घेत नाही, असं विचारलं तर ‘आधी आपल्या भाषेवरचा अन्याय बघा की’ असं उत्तर येतं. कन्नड मुलांच्या वर्गात भाषा बदलते, उत्तर तेच. उर्दू माध्यमातून आलेली मुलं तर दोन्हीकडच्या हिशोबात नसतात. म्हणून माझं पहिलं सांगणं: सीमाप्रश्नावर कॉलेजची भूमिका काय, हे ठरवायला कक्षाने बसू नये. तो दावा दिल्लीत आहे. तुमच्या हातात प्रवेशाची खिडकी, नोटीस बोर्ड आणि परीक्षेचा हॉल आहे.

खिडकीवर जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच अडकतात आणि अहवालात ते कधीच येत नाही. ज्ञानेश्वर नावाचा मुलगा घ्या. मराठी शाळेतल्या गुरुजींनी त्याचं इंग्रजी स्पेलिंग ‘डी’ने सुरू केलेलं असतं. आधार काढताना कन्नड ऑपरेटरने ते ‘जे’ने सुरू केलेलं असतं. आपापल्या जागी दोघंही बरोबर. त्यात एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी, तिसऱ्यावर वडिलांच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर. मग स्कॉलरशिपच्या पोर्टलवर आधार आणि मार्क्स कार्ड जुळत नाही, अर्ज लोंबकळतो, मुलगा खिडकीवर येतो आणि त्याला ‘नाळे बा’ ऐकू येतं. हे ‘नाळे बा’ कन्नड क्लार्कच म्हणतो असं नाही, मराठी क्लार्क ‘उद्या या ओ’ म्हणतो, फरक एवढाच. खानापूरच्या जंगलपट्ट्यातून दोन बस बदलून आलेल्या मुलाचा त्यात एक दिवस आणि बापाची एक दिवसाची मजुरी जाते. असं तीनदा झालं की तो स्कॉलरशिप सोडतो, आणि पुढच्या फीच्या वेळी कॉलेज.

उपाय साधा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. प्रवेशाच्या दिवसांत ऑफिसबाहेर एक टेबल मांडा. तिथे मराठी आणि कन्नड दोन्ही वाचता येणारी एक व्यक्ती बसवा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलंही चालतात. आधार, दहावीचं मार्क्स कार्ड आणि बँक पासबुक हे तीन कागद शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर तपासायचं. फरक दिसला तर कोणता कागद कुठे जाऊन दुरुस्त करायचा हे दोन्ही भाषांत चिठ्ठीवर लिहून द्यायचं. खोटं वाटेल, पण वर्षभराच्या दहा व्याख्यानांपेक्षा या टेबलाने जास्त मुलं टिकतात.

त्याच टेबलावर दुसरी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून टाका. चंदगड, गडहिंग्लज, आजऱ्याकडची मुलं आपल्याकडे शिकायला येतात, कारण त्यांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. यातल्या अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना वाटतं, दाखला आहे म्हणजे इथेही आरक्षण चालेल. ते चालत नाही. एका राज्यातल्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाचा हक्क सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केलंय. मात्र केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मूल ज्या राज्याचं रहिवासी, त्या राज्याकडून मिळते. म्हणजे चंदगडच्या मुलाने कर्नाटकच्या पोर्टलवर डोकं आपटण्यात अर्थ नाही, त्याने महाराष्ट्रात अर्ज करायचा. हे त्याला नोव्हेंबरात कळलं तर उपयोग काय? मराठा मुलांचंही तसंच. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गीयांच्या ‘३ ब’ प्रवर्गात आहे, महाराष्ट्रातलं गणित वेगळं आहे, आणि एकाच घरातली दोन मामे-आते भावंडं दोन वेगळ्या रांगांत उभी असतात.

बसचं बघा. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत राज्यातल्या स्त्रियांना साध्या सरकारी बसचा प्रवास मोफत केला. त्याच्या तीन महिने आधी, १७ मार्च २०२३ पासून, महाराष्ट्राने एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट केलं. पण ‘शक्ती’चा लाभ कर्नाटकच्या रहिवाशांना आणि एसटीची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत. त्यामुळे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणींपैकी हंदिगनूरची मुलगी फुकट येते आणि हद्दीपलीकडून आलेली रोज पैसे मोजते. दोघींची भाषा तीच, जात कदाचित तीच, वर्ग तोच. कॉलेजच्या विद्यार्थी सहायता निधीतून कोणाला मदत द्यायची हे ठरवताना प्रवासखर्चाचा रकाना घाला. हद्दीपलीकडच्या मुलीला कॉलेज सरकारी सवलत मिळवून देऊ शकत नाही, पण पासाचे पैसे देऊ शकतं.

आणि बस बंद पडते तेव्हा? फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ कंडक्टरला भाषेवरून मारहाण झाल्यावर दोन्ही राज्यांच्या बस काही दिवस हद्दीपाशी थांबल्या. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली तेव्हाही तेच. दर दोन-तीन वर्षांनी असं काहीतरी होतंच, आणि त्या आठवड्यात निपाणीपलीकडून किंवा चंदगडहून येणाऱ्या मुलांची हजेरी पडते. ७५ टक्क्यांच्या नियमात ती अडकली की सेमिस्टर जातं. म्हणून तुमच्या त्या पानात एक वाक्य घालाच: बससेवा बंद असल्यास त्या मार्गावरच्या विद्यार्थ्यांची गैरहजेरी धरली जाणार नाही आणि चुकलेली अंतर्गत चाचणी पुन्हा घेतली जाईल. परस्पर सामंजस्याच्या दहा ओळींपेक्षा हे एक वाक्य जड आहे. १ नोव्हेंबरचंही तसंच. त्या दिवशी कुणी कर्नाटक राज्योत्सव करतो, कुणी सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा काळा दिवस पाळतो. सुट्टी असतेच. फक्त २ तारखेला सकाळची परीक्षा ठेवू नका आणि हॉस्टेलमध्ये एक वरिष्ठ शिक्षक मुक्कामाला ठेवा. १७ जानेवारीच्या, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिनालाही हीच काळजी घ्या.

आता भाषेकडे येतो, कारण तुम्ही मराठीच्या शिक्षिका आणि लोक तुम्हाला हाच प्रश्न पहिला विचारणार. कलम ३५० अ चा दाखला आपल्या भागात ऊठसूट दिला जातो. ते कलम प्राथमिक शिक्षणापुरतं आहे, कॉलेजला लागू नाही. कॉलेजसाठी कामाचं कलम २९ चा दुसरा भाग: सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषेमुळे कुणाचा प्रवेश नाकारता येत नाही. तुमच्या पानात कायद्याचा एकच आधार द्यायचा असेल तर हा द्या, आणि सोबत यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या समन्यायाच्या नियमांचा, ज्यांत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितलंय.

नोटीस कुठल्या भाषेत, यावर भांडू नका. सरकारी कागद कन्नड आणि इंग्रजीत निघणार, ते बदलायचा अधिकार तुम्हाला नाही. पण फीची शेवटची तारीख, परीक्षेचा अर्ज, स्कॉलरशिप आणि तक्रार कुठे करायची, या चार विषयांची मराठी प्रत मूळ नोटिशीखाली लावायला कुणाची ना असायचं कारण नाही. ‘विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी’ एवढं वर लिहा. मी असं करताना विरोध झालेला क्वचित पाहिला; विरोध होतो तो पाटीला आणि फलकाला, फीच्या तारखेला होत नाही.

परीक्षेचं मात्र आधी लेखी विचारून घ्या. माध्यम इंग्रजी असलं तरी उत्तरं स्थानिक भाषेत लिहू द्यावीत असं यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवलं. आपल्याकडे काही शिक्षक उत्साहाने मुलांना ‘मराठीत लिहा, चालतं’ असं सांगून मोकळे होतात. पेपर तपासायला कुठे जाणार, तिथे मराठी वाचणारा परीक्षक आहे का, हे कुणी बघत नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी विभाग आहे, पण अर्थशास्त्राचा पेपर मराठी विभाग तपासत नाही. विद्यापीठाचं पत्र हातात आल्याशिवाय मुलांना काही सांगू नका.

कन्नड शिकण्याबद्दल माझं मत आपल्याच काही लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. कर्नाटकात नोकरी करायची असेल, ग्रामपंचायतीपासून जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत काम करायचं असेल, तर मराठी मुलांना कामापुरतं चांगलं कन्नड यायला हवं, आणि ते शिकवण्याची जबाबदारी कॉलेजची. इथे विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाची पद्धत बघण्यासारखी आहे. इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी त्यांनी कन्नडचे दोन वेगळे पेपर ठेवले: ज्यांना कन्नड येतं त्यांना ‘सांस्कृतिक कन्नड’, ज्यांना येत नाही त्यांना ‘बळके कन्नड’, म्हणजे रोजच्या वापराचं. न येणाऱ्याला येणाऱ्याच्या वर्गात बसवून लाजवायचं नाही, हे यातलं शहाणपण. तुम्ही कॉलेजपुरता उलटा वर्गही चालवा. बैलहोंगल, सौंदत्तीकडून येणारी कन्नड मुलं बेळगाव-खानापुरात खोली, मेस, दुकान या सगळ्यात मराठीला अडखळतात. त्यांच्यासाठी आठवड्याला एक तास व्यवहाराची मराठी. शिकवायला मराठीचीच मुलं बसवा. एकतर्फी वर्ग लादल्यासारखा वाटतो, दोन्हीकडून चालला की कुरकुर थांबते.

यावरून आठवलं, दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या सीमेवरच्या मुलांसाठी दार किलकिलं ठेवलंय, आणि आपल्या लोकांना त्यातलं अर्धंच माहीत असतं. महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातून दहावी-बारावी झालेल्या, मराठी मातृभाषेच्या मुलांचा स्वतंत्र ‘ई’ प्रकार आहे. आणि कर्नाटकच्या सीईटीत ‘गडीनाडु कन्नडिग’ (सीमेवरचे कन्नडिग) हे कलम दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांसाठी आहे. कर्नाटकात पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांना ५ टक्के जागा असतात, त्या मराठी माध्यमाच्या मुलांना मिळत नाहीत. पण १५ टक्क्यांचा ग्रामीण कोटा गावात शिकल्याबद्दल आहे, त्यासाठी बीईओच्या (गटशिक्षणाधिकाऱ्याच्या) सहीचं स्टडी सर्टिफिकेट लागतं. बारावीच्या मुलांना हे जानेवारीत सांगा, मे महिन्यात बीईओ ऑफिससमोर रांग लागते तेव्हा नको.

दिव्यांग मुलांबाबत रॅम्प आणि लिफ्टचे फोटो सगळे लावतात. आपल्याकडची खरी अडचण लेखनिकाची. अंध मुलाने मराठी माध्यमातून शिकावं, त्याचा एक पेपर मराठी, एक इंग्रजी, एक कन्नड असावा आणि कॉलेजने त्याला एकच लेखनिक द्यावा, असं सर्रास होतं. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत भाषेच्या पेपरांसाठी वेगळा लेखनिक घ्यायची मुभा होती, विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणू शकत होता, आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळत होता; आता कोणत्या सूचना लागू आहेत ते विद्यापीठाला लेखी विचारून घ्या. परीक्षेच्या महिनाभर आधी विषय आणि लिपी लिहून लेखनिकांची यादी बनवा. मराठी आणि कन्नड दोन्ही सफाईने लिहिणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, ती आधीच हेरून ठेवावी लागतात.

काही मुलं कुठल्याच रकान्यात मावत नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या स्त्रियांची मुलं आपल्या जिल्ह्यात आहेत. देवदासी सोडण्याला कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने बंदी घातली, पण कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाचा रकाना आजही चौकटीत, तारांकित. त्या चौकटीपाशी मुलगी थांबते आणि मागे रांगेतली चार मुलं वाकून बघतात. तुमच्या फॉर्मवर ‘आई किंवा वडील किंवा पालक’ असं करून घ्या आणि क्लार्कला सांगा, आईचं नाव लिहिलं असेल तर पुढे एक शब्द विचारायचा नाही. तसेच सिद्दी, म्हणजे पिढ्यानपिढ्या इथे राहणारा आफ्रिकी वंशाचा समाज. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ पासून, पण बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना तो २०२० मध्ये मिळाला. म्हणजे खानापूरच्या सिद्दी मुलांच्या हातात दाखला आत्ता कुठे येतोय आणि तहसील ऑफिसातही तो सगळ्यांना सरावाचा नाही. बेळगावच्या मेडिकलला मलेशियाची मुलं शिकतात, त्यांचे फोटो माहितीपत्रकावर झळकतात, ते चांगलंच आहे. पण खानापूरच्या सिद्दी मुलीला ‘तू आफ्रिकेतून आलीस काय गं?’ असं वर्गातलंच कुणी विचारतं, तेव्हा तिच्या बाजूने कोण बोलणार हे तुमच्या कक्षाने आधी ठरवलेलं हवं.

भाड्याच्या खोल्यांबद्दल कुठल्याही अहवालात ओळ नसते, आणि बाहेरगावच्या मुलांचा पहिला अपमान तिथेच होतो. ‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाचा अर्थ आपल्या सगळ्यांना कळतो. मुसलमान आणि दलित मुलांना हा प्रश्न दोन्ही भाषांत येतो. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात समाजासमाजाची बोर्डिंगं उभी केली, त्या काळी तीच वाट होती आणि तिच्यामुळेच आपल्या आजोबांच्या पिढीने शाळा पाहिली. आज मात्र जातीच्या हॉस्टेलात राहून, जातीच्या मेसमध्ये जेवून पदवी घेणाऱ्या मुलाला शेजारच्या समाजाचा एकही मित्र नसतो, असंही दिसतं. कॉलेजने न विचारता खोली देणाऱ्या घरमालकांची यादी ठेवावी. अशी घरं निघतात. विचारत कुणी गेलेलं नसतं.

कार्यक्रमांचं थोडक्यात. एक दिवस फेटे आणि इळकल साड्या, मग ‘कानडा विठ्ठल’वर भाषण, मग कन्नड कवी बेंद्रे मराठी घरातले आणि गायक कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे हे दाखले: करा, नॅकला फोटो लागतातच. त्याने कुणाचं नुकसान नाही. पण एक तरी गोष्ट अशी करा की मुलांना मिळून काम करावं लागेल. हलशीच्या कदंबकालीन देवळांची माहिती मराठी-कन्नड जोड्यांनी मिळून लिहावी, किंवा आपापल्या गावच्या यात्रेची नोंद दुसऱ्या भाषेच्या जोडीदाराने करावी. जोड्या तुम्ही पाडा. मुलांवर सोडलं तर मैत्रीप्रमाणे पडतील आणि मैत्री जातीप्रमाणे पडलेली असते.

हे सगळं थोडंफार सुरू झालं की मग पान लिहा. ‘आमचे महाविद्यालय विविधतेचा आदर करते’ अशी ओळ लिहायची असेल तर लिहा, पण पहिल्या परिच्छेदात नको. पहिल्या परिच्छेदात लिहा, तक्रार कोणाकडे करायची, ती व्यक्ती कुठल्या खोलीत किती वाजता भेटते, तक्रार मराठी, कन्नड, उर्दू, इंग्रजी यांपैकी कशातही लिहिली तरी चालेल, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल. त्याखाली हजेरीचं वाक्य, लेखनिकाचं वाक्य, आईच्या नावाचं वाक्य. कच्चा मसुदा प्राचार्यांकडे नेण्याआधी ऑफिस सुपरिंटेंडेंटला वाचायला द्या. ज्या ओळीवर ते ‘हे कोण करणार?’ म्हणतील, तिथे करणाऱ्याचं पद लिहा. ज्या ओळीवर काहीच म्हणणार नाहीत, ती बहुतेक काढून टाकता येईल.